लाडवांच्या डब्याआधी फाईल

पारोळा असो, चोपडा असो की शहादा, लेक परदेशी निघाली की बॅग वजनकाट्यावर दोनदा चढते. बिबड्या, कुरडया, काळा मसाला, कळण्याचं पीठ. काटा तेवीस किलोच्या पुढे गेला की काहीतरी काढावं लागतं, आणि सगळ्यात आधी बाहेर निघते ती कागदांची पिशवी. "कागद काय, मोबाईलवर फोटो पाठवू," असं कोणीतरी म्हणतं. पुढच्या दोन वर्षांतल्या निम्म्या अडचणींची सुरुवात या एका वाक्यात असते.

आपल्याकडे बाईची काळजी न मागता होते. "मना जीव बरा नही" एवढं तोंडातून निघालं की आई चेहरा बघते, जिजी कपाळावर हात ठेवते, शेजारची काकू ओव्याचं पाणी घेऊन येते. काय दुखतं, कधीपासून, किती, हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ते दिसलेलंच असतं. दवाखान्यातही बोलते ती आई किंवा सासू. पेशंट शेजारी मान खाली घालून बसते. ही माया खरी आहे आणि मला ती कमी लेखायची नाही. पण तिच्या सावलीत वाढलेल्या मुलीने पंचविसाव्या वर्षापर्यंत डॉक्टरसमोर एकटीने बसून आपलं दुखणं कधी सांगितलेलंच नसतं. लग्न होतं, नवरा पुण्यातल्या कंपनीतून ऑनसाईट जातो, आणि ती लेस्टरला, स्टुटगार्टला, आइंडहोव्हनला किंवा न्यू जर्सीला जाऊन पोचते. तिथे काळजी आहे, पुष्कळ ठिकाणी इथल्यापेक्षा चांगली आहे, पण ती मागितल्यावर मिळते. चेहरा बघून ओळखणारं कोणी नसतं. म्हणून माहेराने लेकीसोबत दोन गोष्टी आधी द्याव्यात: कागद आणि शब्द. लाडू त्यानंतर.

कागदांत पहिला रक्तगट. नुसता "बी निगेटिव्ह" हा शब्द चालत नाही, लॅबचा छापील रिपोर्ट हवा. आरएच निगेटिव्ह बाईला आधी गर्भपात झाला असेल किंवा केला असेल, तर त्या वेळी अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाच्या विरोधापासून जपणारं) दिलं होतं का, आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्यावं. पुढच्या गरोदरपणात अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपास आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा द्यायचं असतं. मागचं दिलं गेलं की नाही, हे तिथल्या डॉक्टरला फक्त तुमच्या कागदावरून कळणार.

दुसरा कागद सिझरचा. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा "एलएससीएस" ही चार अक्षरं, टाक्यांची तारीख आणि गोळ्या एवढंच असतं. परदेशात पहिला प्रश्न येतो, सिझर का केलं? बाळाचे ठोके उतरले, कळा येऊनही तोंड उघडलं नाही, बाळ आडवं होतं, की आणखी काही? दुसरा प्रश्न, गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा? पोटावरचा वण पाहून आतला छेद कळत नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी पहिल्या सिझरनंतर दुसऱ्यांदा नैसर्गिक बाळंतपण करून बघण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, आणि आतला छेद उभा असेल तर तोच प्रयत्न जिवावर बेतू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी आधी विचारून बघावं.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांचा तिसरा कागद. खेड्यापाड्यांत पस्तिशी-चाळिशीतच गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका कमी नाहीत, आणि मुलाकडे परदेशी राहायला जाणाऱ्या आयांमध्ये त्या असतातच. पिशवीचं तोंड ठेवलं की काढलं, अंडाशय ठेवले की काढले, आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल काय आला, ही तीन उत्तरं फाईलमध्ये असावीत. तोंड शिल्लक असेल तर कॅन्सरची चाचणी करत राहावी लागते. "पिशवी काढली, आता कशाला तपासणी" हा समज त्या बाईला महागात पडू शकतो.

मग औषधं. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे निरुपयोगी आहे. थायरॉनॉर्म म्हटलं तर स्टुटगार्टच्या औषधवाल्याला कळणार नाही. लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम म्हटलं की लगेच कळतं. प्रत्येक गोळीचं मूळ नाव, मात्रा आणि कशासाठी, असं डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत, शक्यतो टाईप करून घ्यावं. आपलं "१-०-१" जर्मनीत सरळ वाचलं जातं, कारण तेही सकाळ-दुपार-संध्याकाळ असंच लिहितात. इंग्लंडमध्ये ते शब्दांत लिहावं लागतं. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की पहिल्या भेटीची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावं. मात्रा साधारण पंचवीस ते तीस टक्के वाढवावी लागते, आणि ती पहिल्या आठवड्यांतच हवी असते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी. नाहीतर महागडी तपासणी होते, मात्रा वाढत राहते, आणि मूळ चूक असते सकाळच्या चहासोबत तिन्ही गोळ्या एकदम घेतल्याची. घरातली निमेसुलाइड (ताप-दुखण्याची गोळी) बॅगेत टाकू नये. इंग्लंड-अमेरिकेत तिला परवानगीच नाही. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं आखातात नेताना आधी परवानगी लागते. चिठ्ठी जवळ आहे म्हणून ती नेता येतील असं समजू नये.

नावाचा घोळ वेगळाच. लग्नाआधीच्या रिपोर्टवर वडिलांचं नाव, नंतरच्या रिपोर्टवर "सौ." आणि नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर तिसरंच. तिथल्या दवाखान्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. निघण्याआधीच्या सगळ्या तपासण्या पासपोर्टवरच्या स्पेलिंगने आणि जन्मतारखेने करून घ्याव्यात. लॅबच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवायला संकोच कसला?

तपासण्यांबद्दल बोलताना सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, वगळता येणार नाही. नंदुरबार आणि धुळ्याच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तो आहे, आणि तो फक्त आदिवासी घरांतच असतो असं समजून बाकीच्यांनी पाठ फिरवू नये. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासणीने पक्कं करतात. परदेशी जाण्याआधी नवरा-बायको दोघांनी एचपीएलसी एकदा करून घ्यावी, म्हणजे थॅलेसेमियाचा (हाही आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) वाहकही त्यातच कळतो. मात्र लोह फार कमी असताना थॅलेसेमियाचा आकडा खोटा खाली दिसू शकतो. हिमोग्लोबिन आणि लोह सुधारून मग तपासलं तर उत्तर खरं येतं. इंग्लंडमध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, शक्यतो दहा आठवड्यांच्या आत, ही तपासणी करतात. बाई वाहक निघाली तर नवऱ्यालाही बोलावतात. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार येण्याची शक्यता चारात एक. ही गोष्ट परक्या भाषेत, परक्या खोलीत, एकटीने पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा घरच्या डॉक्टरांकडून आधी ऐकलेली बरी.

आकड्यांची भाषा बदलते, याची कल्पना तर जवळपास कोणालाच नसते. नेदरलँडमधून लेक रिपोर्टचा फोटो पाठवते, त्यावर एचबी ७.१. इकडे भुसावळला आईच्या हातातली भाकर तव्यावर जळते, कारण आपल्याकडे सात म्हणजे रक्त चढवायची वेळ. पण तिकडे हिमोग्लोबिन मिलिमोलमध्ये मोजतात. ७.१ म्हणजे आपलं सुमारे ११.४, गरोदरपणात अगदी बरं. इंग्लंडमध्ये तेच ११४ असं लिहिलेलं दिसेल. साखरेचा आकडा ५.६ दिसला तर १८ ने गुणायचं, म्हणजे १०० मिलिग्रॅम. आपल्या बायकांना गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका जास्त असतो, म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी होते. इंग्लंडमध्ये उपाशीपोटी ५.६ किंवा दोन तासांनी ७.८ आणि त्याच्या वर आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. हे दोन-चार आकडे माहेरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवले तर रात्रीची झोप वाचेल.

आता तिकडची रीत. आपल्याला वाटतं चांगला इलाज म्हणजे मोठा डॉक्टर, दर महिन्याला सोनोग्राफी, हातात गोळ्यांची पिशवी. इंग्लंडमध्ये सगळं नीट असेल तर गरोदर बाईची गाठ मिडवाइफशीच पडत राहते. पहिलटकरणीच्या ठरलेल्या भेटी दहा, दुसऱ्यांदा असेल तर सात. सोनोग्राफी दोन: एक ११ ते १४ आठवड्यांत, दुसरी १८ ते २१ मध्ये. लेक रडत सांगते, "इथे कोणी बघतच नाही." बघतात. तिच्या गरोदरपणात धोका दिसला नाही म्हणून डॉक्टर पुढे आलेला नाही, हा त्याचा अर्थ. आपली सुईणही हेच करायची, फरक एवढाच की तिकडच्या मिडवाइफकडे शिक्षण, परवाना आणि मागे सगळं हॉस्पिटल असतं.

दरवाजा प्रत्येक देशात वेगळा. इंग्लंडमध्ये व्हिसासोबतच आरोग्याचा अधिभार भरलेला असतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. म्हणजे एनएचएस, तिथली सरकारी आरोग्यसेवा, फुकट नाही, पैसे आधीच दिलेले आहेत, तेव्हा वापरायला लाजू नये. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) नाव नोंदवावं. गरोदर राहिल्यावर हॉस्पिटलच्या संकेतस्थळावरून थेट मिडवाइफकडे नोंदणी करता येते, जीपीची चिठ्ठी लागतेच असं नाही. पहिली भेट दहा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. मॅटर्निटी एक्झम्प्शनचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. त्यावर गरोदरपणात आणि नंतर वर्षभर औषधं मोफत मिळतात. दाताचे उपचारही एनएचएसमध्ये तेवढाच काळ मोफत, म्हणून हलणारा दात जळगावला जाईपर्यंत ठेवून देऊ नये. लसीकरण, रक्ततपासणी, स्कॅन सगळं या एका नोंदणीवर चालतं. ती उशिरा झाली तर पहिल्या तीन महिन्यांतल्या तपासण्यांची वेळ निघून जाते आणि ती परत येत नाही.

जर्मनीत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं. गर्भ पक्का झाला की ते मुटरपास नावाची वही देतात. ती कायम पर्समध्ये असावी, कारण रस्त्यात काही झालं तर अनोळखी डॉक्टर आधी तीच उघडतो. तिथे खरी धावपळ हेबामे, म्हणजे सुईण मिळवण्याची असते. चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात फोन करायला सुरुवात करावी, मोठ्या शहरात वीस-पंचवीस ठिकाणी नकार ऐकावा लागतो. तीन महिने झाल्यावर सांगू, नजर लागेल, असं म्हणत थांबलं तर हेबामे मिळत नाही. आणि ती मिळाली तर बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस रोज, पुढे बारा आठवड्यांपर्यंत आणखी सोळा वेळा घरी येऊ शकते, खर्च सरकारी विमा भरतो. टाके बघते, अंगावरून किती जातंय विचारते, बाळाची नाळ बघते, पाजायला शिकवते. रात्री-अपरात्री जीवघेणं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

नेदरलँडची एक सोय मला सगळ्यात आवडते. तिथे बाळंतिणीच्या घरी क्रामझोर्गची बाई येते. साधारण आठ दिवस, २४ ते ८० तासांच्या हिशोबात. बाळ-बाळंतिणीचं बघते, कपडे धुते, पाहुण्यांना चहा देते, आणि मोठं पोर असेल तर त्यालाही सांभाळते. तासाला थोडे युरो स्वतःचे जातात. ती गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच नोंदवून ठेवावी लागते. तिला वाकावं लागू नये म्हणून पलंगाचे पाय ठोकळ्यांवर उंच करून ठेवायला सांगतात, आणि पुष्कळ घरांत हे ठोकळे भाड्याने आणायचं राहून जातं. या देशात आल्यापासून चार महिन्यांच्या आत आरोग्य विमा काढावा लागतो, हेही विसरू नये.

अमेरिकेत दार उघडतं ते विम्याच्या कार्डाने. हॉस्पिटल, डॉक्टर, भूल देणारा आणि लॅब आपल्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहेत का, हे विमा कंपनीला फोन करून विचारावं, हॉस्पिटलच्या खिडकीवर नव्हे. गरोदरपण आधीचं आहे म्हणून नोकरीतून मिळणारा किंवा सरकारी विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) घेतलेला विमा नाकारता येत नाही. पण बाळ जन्मल्यावर नोकरीच्या विम्यात त्याचं नाव तीस दिवसांच्या आत घालावं लागतं. बारशाच्या गडबडीत ही तारीख चुकते आणि पहिल्या लसीचं बिल घरी येतं. १९९६ च्या कायद्याने नैसर्गिक बाळंतपणानंतर ४८ आणि सिझरनंतर ९६ तास हॉस्पिटलमधला मुक्काम विम्याने द्यायचा असतो. लवकर घरी जा असं पैशासाठी कोणी म्हणत असेल तर हे सांगता येतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायलाच हवी. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयात दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. परदेशात स्कॅनमध्ये मुलगा-मुलगी सांगतात, ते तिथल्या कायद्यात बसतं. म्हणून फोनवरून "काय आहे विचारून घे" असा आग्रह सुरू होतो. हा आग्रह धरू नका. परक्या देशात एकट्या बाईच्या डोक्यावर हे ओझं टाकणं निर्दयपणा आहे. आणि गर्भपाताच्या गोळ्या इथून कुरिअरने किंवा कोणाच्या बॅगेतून पाठवू नका, कारण काहीही असो. गर्भ नळीत अडकलेला असेल तर त्या गोळ्या काम करत नाहीत, नळी फुटते आणि पोटात रक्त साचतं. नको असलेल्या गरोदरपणासाठी इंग्लंडमध्ये एनएचएसमधून गुप्तता राखून मदत मिळते. जर्मनीत आधी समुपदेशनाचा दाखला घेऊन तीन दिवस थांबावं लागतं. अमेरिकेत २०२२ पासून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आखातात कायदा फार कडक आहे.

आता शब्द. "अंगावरून जातं", "पोटात कसंतरी होतं", "कंबर धरली". घरी हे पुरतं. फोनवरच्या नर्सला ते पुरत नाही. शेवटच्या पाळीची पहिली तारीख, दुखणं पोटाच्या कोणत्या बाजूला, दहापैकी किती, आणि रक्त जात असेल तर एक मोठं पॅड किती वेळात भिजतं. तासाला एक पॅड भिजायला लागलं आणि दोन तास तसंच चाललं तर वाट बघायची नाही. पाच-सहा महिन्यांनंतर बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, प्रसूती विभागाला फोन करायचा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. थंड पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडून बघ, हा सल्ला आई मायेने देते, पण त्यात दोन-चार तास जातात. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे ठिणग्या, बरगडीखाली कळ, चेहऱ्यावर अचानक सूज: ही रक्तदाबाची लक्षणं, १४०/९० च्या वर गेला का लगेच तपासायचं. बाळंतपणानंतर एका पायाची पोटरी सुजून लाल झाली, किंवा धाप लागली, तर रक्ताची गाठ असू शकते. हे सगळं इंग्रजीत एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावं. घाबरल्यावर चांगलं इंग्रजी येणाऱ्यांनाही शब्द सुचत नाहीत.

इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागावा. इंग्लंडमध्ये एनएचएसला तो मोफत द्यावा लागतो. मागताना मराठी म्हणून मागावा. "इंडियन" म्हटलं की हिंदी किंवा गुजराती येतो आणि अहिराणी घरातली मुलगी लाजेने "हो, हो" म्हणत बसते. अहिराणीचा दुभाषा मिळणं अवघडच, पण मराठीत निभावतं. नवऱ्याला दुभाषा करू नये. तो चांगला असला तरी. पाळी, संबंध, आधीचा गर्भपात, मनातली भीती, हे त्याच्यासमोर गाळलं जातं. इंग्लंडमध्ये तर मिडवाइफ एखाद्या भेटीत बाईला एकटीला मुद्दाम विचारते, घरी त्रास आहे का, कोणी मारतं का. नवरा भाषांतराला बसला असेल तर हा प्रश्न विचारलाच जात नाही.

गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत थोडं रक्त दिसलं की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी "गर्भ टिकायच्या" गोळ्या आणि पलंगावर विश्रांती. तिकडे तसं होत नाही. इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे, आधी गर्भपात झालेला असेल आणि आता रक्त जात असेल, तर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे तेच गर्भ टिकायचं औषध, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. बाकीच्यांना त्याचा फायदा दिसलेला नाही. लेक मग दोन डॉक्टरांच्या मध्ये अडकते. जळगावचे डॉक्टर व्हॉट्सॲपवर गोळी लिहून देतात, तिकडचे म्हणतात नको. माझं मत असं, की जो डॉक्टर तपासू शकतो आणि रात्री दोनला दार उघडू शकतो, त्याचं ऐकावं. दुसऱ्याचं मत विचारायला हरकत नाही, पण ते आपल्या तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवून. चोरून घेतलेली गोळी सगळ्यात वाईट, कारण पुढे काही झालं तर तिचा हिशोब कोणाकडेच नसतो.

सव्वा महिन्याचं बाळंतपण परदेशात करायचं तर आईचा व्हिसा हा पहिला हिशोब. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आई ३४ व्या आठवड्यात जाऊन बसली तर सहा आठवडे वाट बघण्यात जातात, बाळ आठवडाभर उशिरा आलं तर सात, आणि बाळंतपणाला उरतात जेमतेम सहा. ३८ व्या आठवड्यात जावं. सासूबाईंना येता येत असेल तर आई परतल्यावर त्यांचे ९० दिवस सुरू करावेत, दोघींनी एकदम जाऊ नये. शेंगेनसाठी तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो, पण आईच्या जुन्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा खर्च त्यात बहुतेक वेळा बसत नाही. तिच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आईला हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं तर एनएचएस दीडपट दराने बिल लावतं. तिचाही विमा हवाच.

आणि लाडू. युरोपात आणि इंग्लंडमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतात. तूप तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं. डिंक, खारीक, सुंठ, अळीव, बाळंतशेपा सुटे, पाकीटबंद न्यावेत आणि लाडू तिथे वळावेत. दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्या डब्यात खसखस एक चमचाही नको. तिथे ती अमली पदार्थात मोडते आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. घरून घाईघाईत लाडू करून देणाऱ्या मावशीला हे आधी सांगावं, कारण ती न विचारता घालते.

शेकशेगडीचं फार जपून. तिकडची घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, आणि बाळ-बाळंतीण झोपेतच जातात. ओवा-शेपाच्या धुरीनेही छतावरचा धोक्याचा भोंगा वाजतो. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीचा, कपड्यात गुंडाळून. मालिश खुशाल करावी. मध मात्र वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नाही. बाळगुटीत आणि घरच्या नसलेल्या काजळात शिसं निघालेलं आहे, तेव्हा तेही नको. बाळ पाठीवर, सपाट गादीवर, उशी आणि गोधडीशिवाय झोपवायला सांगतात. जिजीची गोधडी भिंतीवर टांगावी किंवा आईने पांघरावी.

आई परत गेल्यानंतरचे दिवस सगळ्यात अवघड. बाहेर चार वाजताच अंधार, नवरा कामावर, बाळ रडतंय. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं नेहमीचं आहे. पण त्यापुढेही झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, आपण नसलेलंच बरं असं वाटतं, तर ते आजारपण आहे आणि त्यावर औषध आहे. इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटर दहा ते चौदा दिवसांत घरी येते, सहा ते आठ आठवड्यांत जीपीकडे तपासणी असते. तिथे दहा प्रश्नांची एक यादी देतात. तिची उत्तरं घराण्याची अब्रू राखून लिहू नयेत, खरी लिहावीत. बाळ काढून घेतील ही भीती बऱ्याच बायकांना असते. बाईने मदत मागितली तर तिच्यावर उपचार करतात, त्या कारणाने मूल नेत नाहीत.

माणसं जोडायला सुरुवात गरोदर राहण्याआधी करावी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपतीला, दिवाळीला जाऊन यावं, पण तिथे शंभर ओळखी नकोत, दोन हव्यात. एक, जी रात्री मोठ्या पोराला घरी ठेवून घेईल. दुसरी, जी गाडी घेऊन येईल. मंडळात नवऱ्याच्या गावचं कोणी असेल आणि बोलणं अमळनेरपर्यंत पोचेल अशी भीती असेल, तर शेजारची तुर्की किंवा पोलिश बाई जास्त उपयोगी पडते. तिलाही माहेर लांबच असतं. घरात मारहाण असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, तर न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी, न्यू यॉर्कमध्ये सखी, लंडनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. पासपोर्ट, व्हिसा आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत माहेरी असावी, आणि माहेरच्यांनी "सांभाळून घे" हे वाक्य पहिल्या फोनला तरी उच्चारू नये.

शेवटी एक सवय, जी मला सगळ्यात जास्त छळते: "गावी गेल्यावर दाखवू." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, पुरणपोळ्या होतात, आणि त्या पंधरा दिवसांत वर्षभराचं दुखणं दाखवून घ्यायचं ठरलेलं असतं. डोळे, दात, रक्ततपासणी, फाईलमधला राहिलेला एखादा कागद, हे त्या सुट्टीत जरूर करावं. पण स्तनात गाठ लागली, संबंधानंतर रक्त गेलं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर ते ऑक्टोबरमध्ये लागलेलं मेपर्यंत नेऊ नये. इंग्लंडमध्ये जीपीला हे तीनपैकी काहीही सांगितलं तर तो तपासून, गरज वाटली तर तातडीने पुढे पाठवतो, आणि कॅन्सर आहे की नाही हे २८ दिवसांत सांगण्याचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. पंचवीस वर्षांच्या पुढे गर्भाशयाच्या तोंडाच्या चाचणीचं पत्र घरी येतं. इंग्रजीतलं सरकारी पत्र म्हणून ते ड्रॉवरमध्ये जातं. आईने फोनवर "जेवलीस का" विचारून झालं की हेही विचारावं: पत्र आलं होतं का, तारीख कोणती घेतलीस, सोबत कोण येतंय.